चिखल्याचे दात

सकाळी लॅबचं शटर अर्धं वर करून मामा वाकून आत शिरायचा आणि ते पूर्ण उघडण्याआधी सात राक्षसांना आंघोळ घालायचा. वाटीत कोमट पाणी, हातात कवळी घासायचा मऊ ब्रश. काण्या, लोळ्या, फडफड्या, दोन जुळी भुतं, शिंगाड्या आणि सगळ्यात शेवटी चिखल्या, हा क्रम ठरलेला. चिखल्याची पाळी आली की त्याची हनुवटी दोन बोटांत धरून मामा म्हणायचा, “आ कर.” चिखल्याचं तोंड साच्यातून बाहेर पडलं तेव्हापासून उघडंच होतं. तरी मामा म्हणायचा, आणि क्षणभर थांबायचासुद्धा.

मामा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन पाठवायचे. मामा त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायचा, मेणात दात लावायचा, मेण जाऊन तिथे गुलाबी हिरडी यायची. ज्यांच्यासाठी तो दात करायचा ती माणसं त्याला बहुतेक वेळा दिसायचीच नाहीत. कुणी लॅबपर्यंत आलंच तर “डॉक्टर” अशी हाक मारायचं, आणि मामा “डॉक्टर नाही मी” असं म्हणून मगच मान वर करायचा. हे वाक्य त्यानं आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. आजोबांची लॅब होती ती. त्यांच्यानंतर मामाची झाली. खोली तीच, दिवा तोच, टेबलावरची पांढरी धूळही बहुधा तीच. भिंतीवर दोन फळ्या होत्या. एकीवर लोकांचे जबडे, नंबर घालून ठेवलेले, दुसरीवर राक्षस. पहिल्यांदा येणारा माणूस दोन्हींकडे आळीपाळीने बघायचा आणि आपण बरोबर ठिकाणी आलोय ना, हे पाहायला बाहेरची पाटी पुन्हा वाचून यायचा.

मामा नऊ वर्षांचा असताना हे रबरी राक्षस दुकानांत आले होते. एक वीत उंची, आणि चिखल्याच्या बाबतीत त्यातलं निम्मं तोंडच. दलदलीतून नुकता वर आल्यासारखा हिरवट रंग, पाठीवर गाठी, डाव्या डोळ्याचा पिवळा रंग जरा खाली घसरलेला. दोन-तीन वर्षांत तो कारखाना बंद पडला. मुलं मोठी झाली, राक्षस माळ्यांवर गेले, तिथून भंगारात. मग ती मुलं पन्नाशीला टेकली आणि एकेक करून आपापले राक्षस शोधायला लागली. मामाकडे लहानपणापासूनचा एकटा चिखल्या होता. बाकीचे सहा त्यानं वीस वर्षांत जमवले. फडफड्या तर एका म्हाताऱ्यांनी खालची कवळी सांधून दिल्याबद्दल आपण होऊन आणून दिला होता.

अशा शोधणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्याचा अध्यक्ष कुणी निवडला नव्हता. एक निवृत्त नकाशे काढणारे गृहस्थ स्वतःला अध्यक्ष म्हणवून घ्यायचे, आणि इतरांना वाद घालायचा कंटाळा होता. मंडळात जुना चिखल्या एकट्या मामाकडे होता. अध्यक्ष एकदा त्याला “फोटो काढायला” म्हणून घेऊन गेले आणि दोन महिन्यांनी परत आणून दिला. मामानं त्याला पाण्यात धरला तर नाकपुडीत निळा कण दिसला. त्यानं तो चिमट्यानं काढला, वास घेतला आणि हसला. जबड्याचं माप घेण्याचं मटेरियल होतं ते. ओळखायला त्याला वास घ्यायचीही गरज नव्हती.

“कुणीतरी ह्याचं माप घेतलंय,” तो मला म्हणाला. रागावला मात्र नाही. शेजारणीनं आपल्या मुलाचं कौतुक केल्यावर एखाद्याचा चेहरा होतो, तसा झाला होता.

वर्षभराने एका नव्या कंपनीने ते सातही राक्षस पुन्हा बाजारात आणले. खोक्यावर लिहिलं होतं, ‘जुन्या अस्सल नमुन्याबरहुकूम’. मामानं नवे सातही घेतले आणि फळीवर प्रत्येक जुन्याशेजारी त्याचा नवा उभा केला. नव्यांना वास नव्हता. डोळ्यांचे रंग जिथल्या तिथे. मामाला ते आवडले की नाही हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. कधी म्हणायचा, छान केलेत. कधी म्हणायचा, पाहुण्यांसारखे उभे राहतात मेले. मात्र पहिल्या दिवशी त्यानं नव्या चिखल्याच्या तोंडातून बोट फिरवलं. खाली डाव्या बाजूचा एक दात किंचित तिरका होता. अगदी जुन्याचा होता तितकाच.

तो दात आजोबांनी बसवला होता. म्हणजे मामाची तशी आठवण होती. लहानपणी माझ्या आईनं, म्हणजे त्याच्या ताईनं, भांडणात चिखल्याला दारात चेपला, एक दात पडला, आजोबांनी लॅबमधला एक बसवून दिला. आता माप मामाच्याच चिखल्याचं घेतलेलं, तेव्हा आजोबांचा दातही मापात आला आणि हजारो राक्षसांच्या तोंडात जाऊन बसला. एक दात. त्यानं कुणाचं काय बिघडणार होतं? मामा कुणाला काही बोलला नाही.

त्यानंतर टेलरबाई आल्या.

दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं मशीन होतं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर, असली कामं त्या करायच्या. अस्तराच्याच एका तुकड्यात त्यांनी काहीतरी गुंडाळून आणलं होतं.

“डॉक्टर, ह्याला दात बसवून मिळतील का?”

“डॉक्टर नाही मी,” मामा म्हणाला. “कुणाला?”

त्यांनी अस्तर सोडलं. आत चिखल्या होता. रंग उडालेला, एक गाठ झिजलेली, आणि तोंडात एकही दात नाही.

सहा वर्षांच्या असताना त्या आजारी पडल्या होत्या, तेव्हा मोठ्या भावानं तो आणून उशाशी ठेवला होता. भाऊ जाऊन चार वर्षं झाली होती. मंडळाचं प्रदर्शन भरणार असं वाचून त्यांनी तो पाठवला, तर अध्यक्षांनी चिठ्ठी लावून परत केला. चिठ्ठी त्यांनी मामापुढे ठेवली. ‘नक्कल. तोंडाची रचना मूळ नमुन्याशी जुळत नाही.’ मूळ नमुना म्हणजे खोक्यात मिळणारा नवा.

“भावाला कुणीतरी फसवलं असेल,” बाई म्हणाल्या. “होताच तो तसा. दुकानदारानं काहीही हातात ठेवावं. आता विचारायला तोही नाही. पण दात बसले की निदान माझ्या मनातून तरी जाईल ते.”

मामानं सवयीनं सांगितलं, “आठ दिवसांनी या.” मग त्यांच्या चिखल्याच्या तोंडावर दिवा ओढला.

दात पडले असतील, हाच त्याचा अंदाज होता. पडलेल्या दाताची जागा राहते. खड्डा तरी असतो, निदान रंग तरी फाटतो. पण ह्याच्या तोंडात आतून बाहेरपर्यंत तांबड्या रंगाचा एकच सलग हात फिरलेला होता. हिरड्या गुळगुळीत. तिथे कधी काही उगवलंच नव्हतं.

मग त्यानं आपला चिखल्या खाली घेतला. रोज सकाळी ज्याला आ करायला सांगायचा त्याच्या तोंडात त्यानं पहिल्यांदाच भिंगातून पाहिलं, आणि भिंग कपाळावर सरकवलं. मी समोर स्टुलावर होते. परीक्षा संपली होती आणि मला दुसरं काम नव्हतं. त्यानं मला जवळ बोलावून दाखवलं. वर मधोमध दोन रुंद दात. त्यांच्या बाजूला दोन अरुंद. मग दोन सुळे, घासून टोकदार केलेले.

“हे कुणाचे दात आहेत?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, राक्षसाचे.

“माणसाचे आहेत. सहाचा संच. मेणाच्या पट्टीवर चिकटून येतो तो.” मग म्हणाला, “राक्षस बनवणारा माणूस असे दात कशाला लावेल?”

म्हणजे एक दात नव्हे, सगळेच दात आजोबांचे असणार. पण मामाला ते पटेना. त्याच्या आठवणीत चिखल्याला दात होते. दारात चेपला जाण्याआधीही होते. दुकानाच्या काचेतून त्यानं पहिल्यांदा पाहिला तेव्हाही तो दात दाखवत हसत होता, हे तो शपथेवर सांगायला तयार होता.

संध्याकाळी तो आमच्याकडे आला. आई इस्त्री करत होती. त्यानं विचारल्यावर तिनं इस्त्री उभी केली आणि म्हणाली, “त्याला दात नव्हतेच मुळी. तूच नाही का रडलास, हा जेवणार कसा म्हणून? दोन दिवस ताटावर बसला नाहीस. मग बाबा त्याला लॅबमध्ये घेऊन गेले. स्टुलावर बसवला आणि विचारलं, काय त्रास होतोय आपल्याला?”

“आणि तू दारात चेपलास ते?”

“तो लोळ्या. माझा लोळ्या. आणि चेपला तू.”

मामा माझ्याकडे बघायला लागला, जणू मी तिथे होते. मग त्याला काहीतरी आठवलं. “ताई, मागे तू म्हणत होतीस चिखल्या लाल रंगाचा होता.”

“लालच होता.”

“हिरवा आहे तो. रोज धुतो मी त्याला.”

“धुऊन धुऊन झाला असेल,” आई म्हणाली आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली.

अशी साक्ष. जिला राक्षसाचा रंग आठवत नाही तिला त्याचे दात नव्हते हे आठवतं, आणि ज्याला सगळं आठवतं त्याच्या आठवणीत सगळंच उलटं. परत जाताना मामा जिन्यात एकदा थांबला, काही विचारायला वर यावं असं त्याच्या मनात आलं असावं, पण तसाच खाली उतरला.

पुढचे आठ दिवस त्यानं इतकी कामं न करताच परत पाठवली की डॉक्टरांचे फोन यायला लागले. एका बाईंची वरची कवळी त्यानं दुसऱ्याच कुणाच्या जबड्यावर बसवून पाठवली. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. टेलरबाईंच्या चिखल्यासाठी त्यानं मेणात सहा दात लावूनसुद्धा ठेवले. सुंदर लावले होते. ते बसवून दिले असते तर बाई खूश होऊन गेल्या असत्या, अध्यक्षांनी तो प्रदर्शनात मांडला असता, आणि विषय संपला असता. सगळ्यात सोपं तेच होतं. पण तसं केलं तर बाईंच्या भावानं आणलेली खरी वस्तू मामाच्या हातानं खोटी होणार होती. भाऊ फसला, हे तर कायमचंच राहणार होतं.

आपल्या चिखल्याचे दात निघाले, तरच बाईंचा चिखल्या खरा ठरत होता. आईच्या सांगण्यावर अध्यक्षांनी विश्वास ठेवला नसता. मामाचाच पुरता बसत नव्हता. आणि काढायचं म्हटलं तर ते रबर सेहेचाळीस वर्षांचं. दात मूळचे असले, तर त्याचा जबडा फाटणार. नसले, तर आजोबांनी केलेलं काम उपटून निघणार. आजोबांनी हजारो कवळ्या केल्या, पण त्या लोकांच्या तोंडांत बसून लोकांबरोबर गेल्या. घरात त्यांच्या हाताचं काही उरलं असेल तर ते ह्या राक्षसाच्या तोंडात होतं. आणि ते तिथे आहे, हेच मामाला आत्ता कळलं होतं.

“तू काय करशील?” त्यानं मला विचारलं. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “नको, सांगू नकोस.”

आठव्या दिवशी दुपारी टेलरबाई आल्या. मामानं अध्यक्षांनाही बोलावून घेतलं होतं. दोघं एकाच बाकावर दोन टोकांना बसले. मामानं दोन्ही चिखले टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि काय वाटतंय ते थोडक्यात सांगितलं. अध्यक्षांना ते झेपेना. नव्याला दात आहेत, तुमच्याला आहेत, ह्यांच्याला नाहीत. दोनास एक, असा त्यांचा हिशेब होता. नवा हा माझ्याच्याच मापावरून झालाय, हे मामानं सांगितल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. ते माप त्यांनीच घेऊ दिलं होतं.

मामानं वाटीत कोमट पाणी घेतलं आणि मेणाची बारीक सुरी.

“काय करताय?” अध्यक्ष उठून उभे राहिले. “नका करू. असा नग पुन्हा मिळणार नाही.”

बाईसुद्धा म्हणाल्या, राहू द्या हो, माझ्यासाठी कशाला. मामाला ते ऐकू आलं की नाही, कोण जाणे. त्यानं चिखल्याचं तोंड पाण्यात धरलं, बराच वेळ. मग बाहेर काढून टिपलं, हनुवटी दोन बोटांत धरली आणि हळूच म्हणाला, “आ कर.” सुरीचं टोक हिरडीच्या कडेला घालून तो एक-एक केसाएवढं पुढे सरकत राहिला. जुना गोंद करकरला. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले.

वरची निघाली. सहा दात, गुलाबी हिरडी, अंगठ्याच्या पेराएवढी अखंड कवळी. त्याखाली चिखल्याचं तोंड गुळगुळीत होतं आणि त्यावरून तांबड्या रंगाचा एकच हात फिरलेला.

लॅबमधली एक रीत आहे. कवळ्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसत नाही, तिथे पेशंटचा नंबर कोरतात. मामानं ती कवळी उलटी केली आणि भिंग डोळ्यांवर घेतलं. नंबर नव्हता. आजोबांच्या बारीक, तिरक्या अक्षरात कोरलं होतं, ‘चिखल्या, वरची’.

मामानं ती बाईंना दाखवली, अध्यक्षांना दाखवली, मला दाखवली, आणि परत स्वतः बघितली, आणखी कुणीतरी बघायचं राहिलंय असं वाटल्यासारखी.

“मला वाटायचं, हा असाच हसायचा,” तो म्हणाला.

बाईंनी त्यांचा चिखल्या उचलून मांडीवर घेतला होता. त्यांनाही काही नीटसं कळत नव्हतं. “म्हणजे माझा खरा,” त्या म्हणाल्या. “मग तुमचा?”

“माझाही खराच,” मामा म्हणाला. “फक्त कवळी लावणारा.”

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी अस्तराचं टोक डोळ्यांना लावलं. भाऊ फसला नव्हता. अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं, आपलीच चिठ्ठी मागून घेतली, ‘नक्कल’ शब्द खोडला, आणि पुढे काय लिहावं ते न सुचून चिठ्ठी घडी करून तशीच खिशात टाकली. प्रदर्शनात बाईंचा चिखल्या मधल्या टेबलावर होता.

त्यातून इतरांना काही उलगडा झाला असं नाही. मंडळातल्या अर्ध्या लोकांना वाटलं की मामानंच ते अक्षर कोरलं. कंपनीनं पत्र पाठवून आभार मानले, सोबत आणखी एक नवा चिखल्या भेट दिला, दात असलेला. गिऱ्हाइकांना दात आवडलेत, असंही त्यात होतं. आजोबांचा तिरका दात त्यामुळे चालूच राहिला. “हजारो घरांत बाबांचं काम गेलं,” मामा एकदा म्हणाला, आणि हे चांगलं झालं की कसं, ते माझ्याकडूनच कळेल अशा तऱ्हेनं थांबला.

खालची कवळी त्यानं काढलीच नाही. वरची एका वाटीत पाण्यात घालून चिखल्याजवळ ठेवली. काही दिवस त्यानं ती परत बसवली, काही दिवस पुन्हा काढली. दात नसताना चिखल्या म्हाताऱ्या माणसासारखा दिसायचा, आणि दात असताना, मामा म्हणायचा, खोटं बोलल्यासारखा. त्याची आठवणही बदलली नाही. आपल्याला चूक ठरवणारी गोष्ट हातात धरूनही त्याला दुकानाच्या काचेतला चिखल्या दातांसकटच दिसायचा. खरं काय ते ठाऊक आहे, म्हणायचा, पण दिसत नाही.

पुढच्या वर्षी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. दोन दिवसांचं काम, काळजीचं काही नव्हतं. ते व्यवस्थित झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, पेपर वाचता वाचता, त्याचं हृदय थांबलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याला हॉस्पिटलमध्ये सोडायला निघालो होतो, तेव्हा वाटेत तो लॅबपाशी उतरला होता. मला किल्ली दिली, शटर अर्धंच वर करायचं, पूर्ण नंतर, असं सांगितलं. मग आंघोळ, चौदा राक्षसांना आणि एका भेट आलेल्याला. आई रिक्षातून हाका मारत होती. तो चार पावलं गेला, परत आला, हातातली पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

“पाणी कोमट घे, बरं का. गरम नको. कवळी वाकडी होते.”